गाऊन माझा, हात दुफीचे

शनिवारी सकाळी पेज आणि चवळीचे वडे आणायला म्हणून नाक्यावर गेले, तर शाळेच्या भिंतीवर दुफीचे हात दिसले. दुफी माझी थोरली बहीण. तिला जाऊन दोन वर्षं झाली. भिंतीवर शनिवारचा नेहमीचा फ्लेक्स होता, माणूसभर उंचीचा, कुणाच्या तरी मर्तिकाचा. आमच्या कुमासीत शनिवारी असा फ्लेक्स नसलेली भिंत शोधावी लागते, आणि मी आताशा ते वाचतही नाही. पण डाव्या मनगटावरचा डाग दिसला आणि पाय थांबले. तो डाग मी कुठेही ओळखीन. उकळत्या हंड्याचं झाकण निसटून वाफेनं भाजलेला, आंब्याच्या कोयीएवढा, कडेनं थोडा पांढरट. दोन्ही हातांत उघडं पुस्तक, उजव्या हाताची तर्जनी पानावर टेकलेली. अंगात पदवीदानाचा काळा गाऊन. आणि गळ्याच्या वर, गाऊनच्या कॉलरमध्ये नीट बसवलेला, एका सुरकुतलेल्या, हसऱ्या, मला अजिबात अनोळखी म्हातारीचा चेहरा. खाली नाव होतं, आमा बिरागो, वय एक्याऐंशी. त्याखाली मुलांची नावं, कोण हॅम्बुर्गला, कोण टोरोंटोला. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर. पेजवालीनं मागून विचारलं, तुमच्या घरातल्या का? मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं ते आणि खरंही नव्हतं. ती "दुए, दुए" म्हणाली, आमच्याकडे दुखवट्याला म्हणतात तसं, आणि पुडीत एक वडा जास्त घातला.

तो जास्तीचा वडा हातात घेऊन मी घराकडे निघाले खरी, पण चार पावलांवर उलटी फिरले आणि फ्लेक्सवरचा नंबर फोनमध्ये उतरवून घेतला. मला माझ्या बहिणीचे हात परत हवे होते. दुसरं काही मनात नव्हतं. दुसऱ्याच्या गळ्याखाली ते असे उन्हात लटकलेले मला बघवत नव्हते. आणि त्याच वेळी, डोक्याच्या मागच्या बाजूला कुठेतरी, मला हे पक्कं कळत होतं की हे काम कसं केलंय, कुठे कातरलंय, मानेखालची सावली कशी खोटी घातलीय. कारण हे काम मी स्वतः केलंय. एकोणिसाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत, दर सुट्टीत, मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात. आमच्या धंद्यात त्याला डोकं बसवणं म्हणतात. लोक मेलेल्या माणसाचा एक फोटो घेऊन येतात, बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा कापलेला, डोळे मिटलेला, हातात बाटली असलेला. त्यातलं डोकं तेवढं घ्यायचं. धडं आपल्याकडे तयार असतात. मामाच्या कॉम्प्युटरमध्ये धडांचं एक फोल्डरच होतं: करडा सूट, निळा सूट, केंटेचं उंची वस्त्र पांघरलेला पुरुष, केंटेतली बाई, चर्चच्या महिला मंडळाची बाई, पोलीस. एकदा एकाच शनिवारी चर्चचा एक धर्मभोळा डीकन आणि एक नामांकित दारुडा समोरासमोरच्या भिंतींवर एकाच करड्या सुटात उभे राहिले. डीकनची बायको दुकानात येऊन म्हणाली, माझ्या नवऱ्याचा सूट त्या मेल्याच्या अंगातून काढा. मामानं दारुड्याला निळा सूट घातला आणि तिला थंड पाणी पाजून परत पाठवलं. आम्ही आठवडाभर हसलो. त्या धडांना कधी काळी डोकी होती, ती माणसं कुणीतरी होती, हे माझ्या मनात त्या पाच वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

मामा म्हणजे आमच्यात सगळंच. आमच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा; बहिणीची मुलं कुणी शिकायची, कुणी नाही, हे तोच ठरवतो. दुफी दहा वर्षांची होती आणि तिसरीत होती, मी पाचाची, अजून शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, तेव्हा मामा मम्पाँगला आमच्या घरी आला. मला आठवतं ते इतकंच की त्यानं आम्हां दोघींना समोर उभं केलं आणि हात पुढे करायला सांगितले. दोघींचे हात उलटेपालटे करून पाहिले. मग आईला म्हणाला, मला एकीलाच शिकवता येईल. थोरलीचे हात आता कामाचे झालेत, धाकटीचे अजून व्हायचेत. एवढंच. ना परीक्षा, ना भांडण. दुसऱ्या दिवसापासून दुफी आईबरोबर केंकेला बसली. मक्याचं पीठ तीन दिवस आंबवायचं, अर्धं शिजवायचं, उरलेल्या कच्च्यात मळायचं, गोळे वळून कणसाच्या पानांत गुंडाळायचे आणि हंड्यात रचून उकडायचे. आई गेल्यावर ते सगळं तिच्यावर आलं. चाळीस वर्षं ती तेच करत होती. मामा मला शिकवत होता हे खरं, पण मामाला दरमहा मम्पाँगहून जे जात होतं ते दुफीच्या हंड्यातून जात होतं, हे मला विद्यापीठात गेल्यावर कळलं. ती बोलून दाखवायची नाही. फक्त कधी मी शहाणपणा शिकवायला लागले की म्हणायची, "बाई गं, तुझी सगळी पुस्तकं मी पानात गुंडाळून उकडलीत. मला नको सांगू."

माझ्या पदवीदानाला ती आली होती. पहाटेच्या ट्रोट्रो गाडीनं, मांडीवर टोपलं घेऊन, माझ्या सगळ्या मैत्रिणींना पुरतील एवढे गोळे, वर तळलेले मासे आणि मिरचीचा ठेचा. आम्ही झाडाखाली बसून खाल्लं. फोटो काढायच्या वेळी मी गाऊन उतरवून तिच्यापुढे धरला, म्हटलं ताई, घाल ना, एक फोटो काढू. तिनं हात लुगड्याला पुसले, परत पुसले, गाऊनची कड दोन बोटांत धरून बघितली, कापड बघतात तशी, आणि म्हणाली, नको, पीठ लागेल. हाताला तर पीठ नव्हतंच. मी आग्रह केला नाही. मैत्रिणी बोलावत होत्या. तो न काढलेला फोटो वीस वर्षं माझ्या अंगात काट्यासारखा होता, आणि म्हणूनच, असं मी स्वतःला सांगत आले, म्हणूनच मी ते चित्र केलं. आता वाटतं, स्वतःला सांगितलेल्या गोष्टी सगळ्यात आधी तपासून घ्याव्यात.

चित्र म्हणजे फोटोंचंच. मी मामाचं दुकान सोडून कला शिकले, तेव्हापासून हेच करते. फोटो घेते, कॉम्प्युटरवर कातरते, जोडते, एकावर एक थर चढवते, कधी कधी एका चित्रात साठ-सत्तर फोटो असतात. एका संस्थेनं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं, विषय होता ज्ञान आणि त्यातून मिळणारी मोकळीक. मला लगेच दुफी दिसली. तिच्या अंगणात, तिच्या बुटक्या स्टुलावर, पदवीदानाच्या गाऊनमध्ये, मांडीवर पुस्तक. शेजारच्या हंड्यातून वाफेबरोबर कणसाची पानं वर उठताहेत, वर जाता जाता त्यांच्यावर अक्षरं उमटताहेत, ती छापील पानं होऊन कुंपणाच्या भिंतीपलीकडे निघालीत, आणि भिंत मधोमध उघडलीय, पुस्तक उघडतं तशी, पलीकडे कुमासीचा रस्ता. मी महिनाभर त्यावर काम केलं. गाऊन माझा होता, माझ्याच अंगातला. मीच स्टुलावर बसून माझे फोटो काढले आणि मग माझं डोकं आणि हात काढून तिथे तिचं डोकं आणि हात बसवले. हे लिहिताना आत्ता हसू येतंय. मामाचं दुकान सोडून किती लांब आले होते मी! चित्राला बक्षीस मिळालं. लोक त्याच्यापुढे थांबायचे. एक बाई रडली. विशेषतः त्या बोटाची फार स्तुती झाली. पानावर टेकलेलं ते एक बोट सगळं चित्र तोलून धरतं, असं एकानं लिहिलं. मी मान झुकवून ती स्तुती घेतली, जणू ते बोट मीच तिथे ठेवलं होतं. आणि भाषणात म्हणाले, माझी बहीण तिसरीतून शाळेबाहेर काढली गेली, हे चित्र म्हणजे मी तिला दिलेलं उघडं दार. टाळ्या पडल्या.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. पीठ तिनं मळलेलं, रेघोट्या माझ्या. चित्र चौकटीत घालून मम्पाँगला नेलं, शेजारीपाजारी जमले, मी वरचं प्लॅस्टिक सोडलं. दुफी हात पाठीमागे बांधून बराच वेळ बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, वा, दुफी तर मास्तरीण झाली. सगळे हसले. तिनंही हसल्यासारखं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई छान आहे. हिला वाचता येतं वाटतं." मी म्हटलं, अगं, तूच ती. ती म्हणाली, "हो का?" आणि हंडा उतू जातोय का बघायला गेली. हंडा उतू जात नव्हता. चित्र तिनं लावलं नाही. ती गेल्यावर तिच्या खोलीत पलंगामागे सापडलं, मी आणलं होतं त्याच प्लॅस्टिकमध्ये, वर पिठाच्या पोत्याचं कापड नीट शिवून घातलेलं.

फ्लेक्सवरच्या नंबरावर फोन केला तर दुकान जवळच निघालं. पेज तशीच पिशवीत घेऊन मी गेले. दुकानदाराचं नाव बोआडी, साठीतला, कपाळावर चष्मा, शनिवार म्हणून स्वतःही काळ्या कपड्यांत. दुपारी कुठल्यातरी मर्तिकाला जायचं असणार. मला बघून त्यानं खुर्ची पुढे केली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, कोण गेलं? ह्या धंद्यात बोलणं तिथूनच सुरू होतं, मामाही तसंच विचारायचा. मी म्हटलं, नवीन कुणी नाही, शाळेच्या भिंतीवरचा फ्लेक्स तुमचा ना? तो खूश झाला. म्हणाला, ती वाचणारी बाई होय, सध्या तीच चालते. मग सांगत बसला. पूर्वी सगळ्यांना केंटे हवा असायचा. आता मुलं परदेशातून फोन करतात, आईच्या हातात पुस्तक द्या म्हणतात. गेल्या वर्षभरात त्यानं एकट्यानं हे धड बावीस जणींना लावलं होतं. मी विचारलं, बिरागो आजी शिकलेल्या होत्या का? "कसल्या शिकलेल्या? जन्मभर टोमॅटो विकले, अंगठा उठवायच्या," तो म्हणाला. "पण मॅडम, मेलेल्या माणसाची परीक्षा कोण घेतंय? गाऊन घातला की पास." स्वतःच्या विनोदावर तो हसला आणि त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. धडांचं फोल्डर, मामाचं होतं तसंच. सूट, सूट, केंटे, नर्स, आणि मग ते. गाऊन, पुस्तक, हात. मानेच्या जागी स्वच्छ कापलेली पांढरी पोकळी. माझ्या चित्रातलंच होतं ते, फक्त वाफ नव्हती, पानं नव्हती, भिंत नव्हती आणि दुफी नव्हती. गाऊन माझा, हात तिचे, आणि तेवढं तिचं डोकं उडवलेलं. आमच्या दोघींचं मिळून एक धड झालं होतं आणि ते बावीस जणींना पुरलं होतं.

मी म्हटलं, हे हात माझ्या बहिणीचे आहेत. तो म्हणाला, नाही हो, हे नेटवरचे आहेत. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, माझा चेहरा, मग पडदा, मग पुन्हा माझा चेहरा. उठून उभा राहिला आणि उजव्या हातानं माझा हात धरून दुए म्हणाला, तीन वेळा, सावकाश. आणि गाऊन, त्यानं विचारलं. गाऊन माझा, मी म्हटलं. तो बसला, त्यानं ती फाईल निवडली, पुसली, मग कचऱ्यातूनही काढून टाकली, मला दिसेल अशा बेतानं पडदा वळवून. मला वाटलं होतं काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. त्या जागी फक्त नर्सचं धड सरकून आलं. बोआडी म्हणाला, मी माझ्याकडचं पुसलं, पण मला दुसऱ्यानं दिलं होतं, त्याला तिसऱ्यानं. आता ते सगळ्या गावात आहे, मॅडम, त्याला काही इलाज नाही. आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, माझी समजूत घालायची म्हणून असेल किंवा खरंच जीव हळहळला म्हणून असेल, तो मागून बोलला. "मी तीस वर्षं लोकांच्या हातात पुस्तकं देतोय. लोक पुस्तक ताटासारखं धरतात. तुमच्या बहिणीचं तसं नव्हतं. ते बोट ओळीवर होतं. वाचणाऱ्याचंच बोट ते. खूप शिकल्या होत्या का?"

मी नाही म्हणाले की हो म्हणाले, आठवत नाही. घरी येईपर्यंत पेज गार झाली होती. शेजारच्या मैदानात मर्तिकाचा मांडव होता, कर्ण्यावर भजनं सुरू झाली होती, काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं खुर्च्या शोधत होती. दुफीचंही मर्तिक असंच झालं होतं; ती गेली रक्तदाबानं, हंड्यापाशीच, एका गुरुवारी. कुळाच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, फ्लेक्सवर ते गाऊनचंच चित्र घाल, आमच्या घरची पोर, जरा बरी दिसू दे. मी नाही म्हणाले. ती तशी नव्हती म्हणाले, ते खोटं होईल म्हणाले. मी तिचा केंके वळतानाचा साधा फोटो घातला, आणि मम्पाँगमध्ये बायका माझ्या कानावर पडेल अशा बेतानं बोलल्या, धाकटीनं गाऊन मेल्यावरसुद्धा दिला नाही हो तिला. हे लागलं मला, अजून लागतं. प्रदर्शनात बक्षीस घेताना जे खोटं वाटलं नव्हतं, ते तिच्या मर्तिकालाच का खोटं वाटलं, ह्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आता आहे. जिवंतपणी तिनं जे मागितलं ते मी दिलं नव्हतं, म्हणून मेल्यावर काही देताना मला लाज वाटली. आणि तिनं मागितलं होतं. स्पष्ट मागितलं होतं.

चित्रासाठी तिचे फोटो काढले त्या दिवशीचीच गोष्ट. ईस्टरच्या आधीचा आठवडा. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला होता, आपोआप थोड्या थोड्या वेळानं फोटो निघेल असा, म्हणजे ती सावरून बसणार नाही. पुस्तक म्हणून जुन्या बाजारातून एक जाडजूड तांबड्या कापडी बांधणीचं इंग्रजी बाड आणलं होतं. आत काय आहे ते मी पाहिलंही नव्हतं, दिसायला भारदस्त होतं. मधेच कुठेतरी उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं विचारलं, ह्यात काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, तू नुसती बघत राहा. उजेड फार छान होता, मला तेवढंच दिसत होतं. ती तीन तास बसली. मधे मधे उठून हंड्याखाली लाकूड सारायची आणि परत येऊन तशीच बसायची. तिचे ओठ सारखे हलत होते. कामात असली की तिला पुटपुटायची सवयच होती, गोळे मोजायची, गिऱ्हाइकांना शिव्या द्यायची, मला वाटलं तेच चाललंय. मी दोन-तीनदा ओरडले, ताई, ओठ हलवू नको, फोटो बिघडतात. ती म्हणाली, बरं. थोड्या वेळानं पुन्हा हलायला लागायचे. शेवटी शेवटी ती म्हणाली, "फ्रेमा, असं वाचतानाचं चित्र काढण्यापेक्षा मला वाचायलाच शिकव ना. तिसरीपर्यंतचं थोडं थोडं आहे अजून. गेलं नाही सगळं." मी लेन्स पुसत होते. म्हटलं, शिकवते की, ईस्टरनंतर येते आठवडाभर. ईस्टरनंतर चित्राची मुदत होती. मग प्रदर्शन. मग बक्षीस, मग दुसरं प्रदर्शन. मी चार वेळा मम्पाँगला गेले असेन, तिनं पुन्हा विषय काढला नाही. मलाही आठवण झाली नाही, असं म्हणणं सोपं आहे. आठवण होत होती आणि मी ती बाजूला सारत होते.

बोआडीचं वाक्य डोक्यातून जाईना. ते बोट ओळीवर होतं. मी जुनं फोल्डर उघडलं. दोनशे बारा फोटो. त्यातला मी एकच वापरला होता, एकशे अठ्ठेचाळिसावा, कारण त्यात ओठ मिटलेले होते. बाकीचे मी छोट्या चौकोनांत नजरेखालून घातले होते, पोत्यातले बटाटे निवडतात तसे. आता पहिल्यापासून एकेक मोठा करून बघायला लागले. पहिल्या दहा-बारांत तिचे हात नुसतेच पुस्तकाच्या कडांना होते, बोआडी म्हणतो तसं ताट धरल्यासारखे. चौदाव्यात उजवा हात उठला. पंधराव्यात तर्जनी पानावर, पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर. ओठ उघडे. सोळाव्यात तिथेच. सतराव्यात तिथेच. तिसाव्या फोटोत बोट पहिल्या शब्दाच्या शेवटाला होतं. मी फोटो भराभर पुढे ढकलायला लागले आणि ते बोट चालायला लागलं. इतकं सावकाश की अंगणात समोर उभं राहून मला ते कळलं नव्हतं. मधेच बोट गायब, ती लाकूड सारायला गेलेली, स्टूल रिकामं; परत आली की बोट बरोबर त्याच शब्दावर. एकदा, ऐंशीच्या आसपास, ते मागे गेलं, दोन शब्द मागे, आणि तिच्या कपाळाला आठी. पुन्हा पुढे. माझा तो प्रसिद्ध एकशे अठ्ठेचाळिसावा आला. ओठ मिटलेले, डोळे खाली, शांत, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. सगळ्यांना त्यात समाधान दिसलं होतं. एकशे सत्तेचाळीस आणि एकशे एकोणपन्नास शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कळलं, समाधान कसलं, ती एका लांबलचक शब्दाला अडली होती. तीन तासांत, धूर आणि हंडा आणि माझं ओरडणं सांभाळून, दुफी तिसऱ्या ओळीपर्यंत आली होती. शेवटच्या फोटोत बोट पुस्तकावर नाही. हात चौकटीबाहेर गेलाय, डावीकडे, जिथे कणसाची पानं भिजत घातलेली परात असायची, आणि तोंड माझ्याकडे वळलंय, काहीतरी विचारल्यासारखं. काय विचारलं असेल, मला आठवेना. मी झालं म्हटलं होतं, पुस्तक तिच्या हातून घेतलं होतं आणि पिशवीत टाकलं होतं, उजेड जायच्या आत ट्रोट्रो गाठायची होती.

पुस्तक माझ्या कपाटावरच होतं, रिकाम्या डब्यांखाली. त्या दिवसानंतर मी ते उघडलं नव्हतं, त्याचं काम झालं होतं. खाली काढलं, धूळ पुसली, आणि ते आपणहून उघडलं, कारण मधे काहीतरी होतं. कणसाच्या पानाची एक पट्टी, बोटभर रुंद, वाळून कडक झालेली, कडा हातानं सरळ फाडलेल्या. पानावर आडवी, तिसऱ्या ओळीच्या बरोबर खाली. पट्टीच्या ओलीनं कागदाला फिकट पिवळा डाग पडला होता. पुढच्या वेळी शोधावं लागू नये म्हणून ठेवलेली. ईस्टरनंतरची खूण. मी तशीच जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ, पदवीदानाला, बक्षिसाला, तिच्या मर्तिकाला जे रडू आलं नव्हतं ते सगळं मिळून आलं. मग डोळे पुसून पाहिलं, ह्यात काय लिहिलंय. आजारी गुरं बंदरात उतरवून घेण्याचे नियम होते ते, नव्वद वर्षांपूर्वीचे. कुणी कुठला दाखला द्यायचा, गुरं किती दिवस वेगळी बांधायची. दुफीनं एवढ्यासाठी तीन तास घातले होते. बाहेर भजन थांबून कुणीतरी गेलेल्या माणसाचं चरित्र वाचून दाखवत होतं, जन्म, शाळा, नोकरी, क्रमानं. मी पहिल्या तीन ओळी आमच्या भाषेत करून तिला सांगितल्या, एकेक शब्द सोडवून, लहान मुलाला सांगतात तशा. मग पट्टी एक ओळ खाली सरकवली, तिच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि चौथी ओळ मोठ्यानं वाचायला लागले.